दूध टिकवायचं कसं, फळ खायचं कधी?

सप्टेंबर संपता संपता युरोपात झाडांची पानं पिवळी-तांबडी व्हायला लागतात. या दिवसांत घरी पाहुणे आले, की जेवणाच्या शेवटी एक लाकडी फळी टेबलावर येते. तिच्यावर तीन-चार प्रकारचं चीज, सफरचंदाच्या आणि नाशपातीच्या फोडी, द्राक्षांचा घोस, दोन-चार अंजिरं, मूठभर अक्रोड आणि पाव असतो. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इंग्लंड या देशांत ही जुनी रीत आहे आणि अमेरिकेतही ती चांगली रुळली आहे. यात शिजवायचं काही नसतं. तरीही ताट जमणं-बिघडणं पुष्कळशा रसायनशास्त्रावर आणि जीवशास्त्रावर अवलंबून असतं.

या ताटातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूत काही ना काही बदल चालूच असतात. दूध नासतं, फळ सडतं, अक्रोड खवट होतो. पण दूध विरजतंही, चीज मुरतंही आणि फळ पिकतंही. आपल्या भाषेत या क्रियांसाठी वेगवेगळे शब्द आहेत, कारण काहींचा शेवट गोड होतो आणि काहींचा होत नाही. निसर्गाच्या दृष्टीनं मात्र पिकणं आणि सडणं, मुरणं आणि नासणं यांच्यामध्ये ठळक रेघ नसते. ती रेघ माणसानं आखली आहे, तीही बऱ्याच अनुभवानंतर. ती कुठे आणि कशी आखली गेली, हे या ताटाच्या निमित्तानं पाहू.

याच ऋतूत का?

आल्प्स पर्वतात हिवाळ्यात बर्फ पडतं आणि गाईंना महिनोन्महिने गोठ्यात वाळलेल्या गवतावर राहावं लागतं. उन्हाळ्यात मात्र वरची कुरणं हिरवीगार होतात. म्हणून मे-जूनच्या सुमाराला गुराखी गाई घेऊन डोंगरावर जातात आणि सप्टेंबरमध्ये खाली परततात. परतताना गाईंना फुलांनी सजवतात, आपल्याकडे पोळ्याला बैल सजवतात तसं.

वर असताना दूध भरपूर मिळतं, पण ते रोज गावात आणणं शक्य नसतं आणि दूध तर एका दिवसात नासतं. उपाय एकच: जागच्या जागी त्याचं चीज करायचं. दुधात साधारण ८७ टक्के पाणी असतं. कडक चीज करताना त्यातलं बहुतेक पाणी काढून टाकतात, त्यामुळे १० लिटर दुधाचं जेमतेम १ किलो चीज होतं. उन्हाळ्यातलं गवत अशा रीतीनं हिवाळ्यासाठी साठवता येतं. एके काळी डोंगरातल्या कुटुंबांचा हिवाळा कसा जाणार, हे या साठ्यावर ठरत असे.

स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतात युस्टिसटाल नावाचं खोरं आहे. तिथे दर सप्टेंबरला चीजची वाटणी होते. उन्हाळाभर सगळ्यांच्या गाईंच्या एकत्र दुधापासून केलेल्या चीजच्या चकत्या राशी करून ठेवतात. ज्याच्या गाईंनी जितकं दूध दिलं, त्या प्रमाणात त्याला वाटा मिळतो आणि कोणती रास कोणाची, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. सातवी-आठवीच्या मुलांना प्रमाण-भागी शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावं.

फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या ज्युरा पर्वतात याच्या उलट गोष्ट दिसते. तिथे कोंते नावाच्या चीजची एक मोठी चकती करायला सुमारे ४०० लिटर दूध लागतं. शरदात दूध कमी होतं, मोठी चकती जमत नाही. म्हणून तिथले लोक थोड्या दुधाचं लहान, मऊ चीज करू लागले. ते इतकं मऊ असतं, की त्याला स्प्रूस झाडाच्या सालीच्या पट्टीनं बांधून ठेवावं लागतं. हे मों-दॉर चीज. फ्रान्समध्ये ते आजही सप्टेंबरात बाजारात येतं आणि मे महिन्यात दिसेनासं होतं.

दुधाचं चीज होताना

गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के प्रथिन केसिन असतं. केसिनचे रेणू सुटे नसतात. त्यांचे अगदी बारीक गोळे दुधात तरंगत असतात आणि गोळ्याच्या आत कॅल्शियम फॉस्फेट त्यांना बांधून ठेवतं. प्रत्येक गोळ्याच्या पृष्ठभागावर एका खास केसिनची लव असते. या लवेवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे गोळे एकमेकांपासून दूर राहतात आणि दूध पातळ राहतं.

ही व्यवस्था दोन रीतींनी मोडता येते. पहिली रीत आम्लाची. विरजणातले जिवाणू दुग्धशर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, सामू उतरतो, ऋण भार नाहीसा होतो आणि गोळे एकमेकांना चिकटतात. हे आपलं दही. गरम दुधात लिंबू पिळून पनीर करताना हेच घाईनं घडतं.

दुसरी रीत विकराची. दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या पोटात कायमोसिन नावाचं विकर असतं. ते गोळ्यांवरची लव नेमक्या एका जागी कापून टाकतं. लव गेली की गोळे एकमेकांना चिकटतात आणि दूध आंबट न होताच थलथलीत गोठतं. वासराला याचा फायदा असा, की दूध पोटात जास्त वेळ थांबतं आणि सावकाश पचतं. या पोटातून काढलेल्या विकराला रेनेट म्हणतात आणि शतकानुशतकं चीज त्याच्यावरच होत आलं.

शाकाहारी वाचकांच्या मनात इथे प्रश्न उभा राहील. कायमोसिन करायची सूचना देणारं जनुक सूक्ष्मजीवांत घालून त्यांच्याकडून ते बनवून घेता येतं. मार्च १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अशा कायमोसिनच्या वापराला मान्यता दिली. याशिवाय काही बुरशींपासून मिळणारी विकरंही दूध गोठवतात. युरोपातल्या अनेक पारंपरिक चीजसाठी मात्र आजही वासराचंच रेनेट वापरलं जातं. पाहुण्यांमध्ये कुणी शाकाहारी असेल, तर वेष्टन वाचून चीज निवडणं हा यजमानाच्या कर्तव्याचा भाग आहे.

गोठलेल्या दह्याचे तुकडे करतात, म्हणजे निवळी बाहेर पडते. मग ते गरम करणं, दाबणं, मीठ लावणं आणि मुरवणं. बहुतेक दुग्धशर्करा निवळीबरोबर निघून जाते आणि उरलेली जिवाणू संपवतात. त्यामुळे ज्यांना दूध पचत नाही अशा अनेकांना जुनं, कडक चीज मात्र सोसतं.

पनीर का वितळत नाही?

हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. पनीर तव्यावर टाकलं तर तांबूस होतं, पण वितळत नाही. पिझ्झावरचं चीज मात्र वितळून ओघळतं. दोन्ही दुधाचीच.

रेनेटनं केलेल्या चीजमध्ये केसिनची जाळी कॅल्शियमच्या दुव्यांनी बांधलेली असते. तापवल्यावर आतला मेद पातळ होतो, प्रथिनांमधले बंध सैल पडतात आणि जाळी वाहू लागते. पनीर करताना आपण दूध आधी उकळतो. त्यामुळे एरवी निवळीत जाणारी प्रथिनं केसिनला चिकटून बसतात. मग आम्ल घातल्यावर बरंचसं कॅल्शियम विरघळून निघून जातं आणि प्रथिनं एकमेकांना थेट घट्ट धरतात. अशी जाळी तापवली की सैल होत नाही. ती आक्रसते आणि पाणी बाहेर टाकते. म्हणूनच जास्त परतलेलं पनीर रबरासारखं लागतं.

आपल्याकडे डब्यात किंवा चौकोनी कापांत मिळणारं चीज बहुधा 'प्रोसेस्ड' असतं. १९११ साली स्वित्झर्लंडमधल्या थून गावी वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी चीजमध्ये सोडियम सायट्रेट घालून ते वितळवलं. सायट्रेट कॅल्शियमला पकडून ठेवतं, त्यामुळे प्रथिनं मोकळी होऊन मेदाच्या थेंबांना वेढतात आणि तूप सुटत नाही. असं चीज टिकतं चांगलं, पण वितळवताना त्यातले जिवाणू मरतात आणि मुरणं थांबतं.

ताटातली चार चीजं

यजमान सहसा एकसारखी चार चीजं निवडत नाहीत. एक कडक, एक मऊ, एक निळं आणि एक भोकांचं, अशी निवड केली तर मुरण्याच्या चार तऱ्हा एका फळीवर पाहायला मिळतात.

कडक चीज म्हणजे इंग्लंडचं चेडर किंवा हॉलंडचं जुनं गौडा. ते महिनोन्महिने मुरतं. विकरं प्रथिनांचे तुकडे करत जातात आणि शेवटी सुटी अमिनो आम्लं उरतात. जुन्या गौडात दाताखाली करकरणारे पांढरे कण लागतात, ते मिठाचे नसतात. टायरोसिन हे अमिनो आम्ल पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून त्याचे स्फटिक होतात. काही चीजवर कॅल्शियम लॅक्टेटचे स्फटिकही दिसतात.

मऊ चीज म्हणजे ब्री किंवा कामाँबेर. त्याच्या अंगावर पांढऱ्या बुरशीची मखमल असते. ही बुरशी वरचं लॅक्टिक आम्ल खाते आणि प्रथिनं मोडताना अमोनिया सोडते. पृष्ठभागाचा सामू वाढतो आणि चीज बाहेरून आत मऊ होत जातं. कापल्यावर मध्ये खडूसारखा पांढरा थर दिसला, तर ते अजून पुरतं मुरलेलं नाही. अमोनियाचा उग्र दर्प आला, तर वेळ टळून गेली आहे.

निळं चीज म्हणजे फ्रान्सचं रॉकफोर, मेंढीच्या दुधाचं. पेनिसिलियम रॉकफोर्टी ही त्यातली बुरशी. तिला वाढायला हवा लागते, म्हणून चीजला सुयांनी भोकं पाडतात. कापलेल्या तुकड्यात निळ्या रेषा त्या भोकांच्या वाटेनं गेलेल्या दिसतात. ही बुरशी मेदाम्लांपासून मिथाइल कीटोन बनवते आणि निळ्या चीजचा तो ओळखीचा उग्र वास त्यांच्यामुळे येतो.

भोकांचं चीज म्हणजे स्वित्झर्लंडचं एमेंटाल. ते काही आठवडे उबदार खोलीत ठेवतात. त्यातले प्रोपिऑनिक जिवाणू लॅक्टिक आम्लापासून प्रोपिऑनिक आम्ल, ॲसेटिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात. अडकलेल्या वायूचे बुडबुडे म्हणजे ती भोकं. अलीकडच्या काळात ही भोकं कमी होत चालल्याचं लक्षात आलं होतं. २०१५ साली स्वित्झर्लंडच्या ॲग्रोस्कोप या सरकारी संशोधन संस्थेनं याचं कारण दाखवलं. बादलीत दूध काढताना गवताचे अतिसूक्ष्म कण दुधात पडत आणि त्यांच्याभोवती बुडबुडे धरत. बंद नळ्यांच्या यंत्रानं दूध काढू लागल्यावर कण कमी झाले आणि भोकंही कमी झाली. दूध स्वच्छ झाल्याचा परिणाम असा अनपेक्षित ठिकाणी दिसला!

आता फळांकडे

फळ झाडावरून काढलं तरी ते जिवंत असतं, श्वसन करत असतं. पण सगळी फळं काढल्यावर पिकत नाहीत. सफरचंद, नाशपाती, अंजीर, केळं, आंबा, चिकू ही फळं पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि त्याच वायूनं त्यांचं पिकणं आणखी वेगानं होतं. सफरचंदातून इथिलीन निघतो हे १९३४ साली रिचर्ड गेन या इंग्लिश शास्त्रज्ञानं दाखवून दिलं. आपण आंब्याची अढी घालतो ती याच तत्त्वावर: पेंढ्यात वायू कोंडून राहतो आणि उबही मिळते. द्राक्षं आणि डाळिंबं मात्र तोडल्यावर गोड होत नाहीत. ती आंबट निघाली, तर वाट पाहून उपयोग नाही.

नाशपातीची तऱ्हा न्यारी आहे. युरोपातली नाशपाती झाडावरच पिकू दिली, तर गाभ्याकडून बाहेर पिकत येते. बाहेरून बरी दिसेपर्यंत आत तिचा लगदा झालेला असतो. म्हणून ती कडक असतानाच तोडतात, काही दिवस थंडीत ठेवतात आणि मग घरात पिकवतात. ती पिकली की नाही, हे देठाजवळ अंगठ्यानं हलकेच दाबून बघायचं. तिथे किंचित दबली, तर तयार. पाहुणे रविवारी येणार असतील, तर नाशपाती मंगळवार-बुधवारीच आणून ठेवावी लागते, आणि घाई असेल तर कागदी पिशवीत सफरचंदाबरोबर.

सफरचंद कापलं की काळपट पडतं. त्याच्या पेशींत फिनॉल गटातले पदार्थ एका कप्प्यात आणि त्यांच्यावर क्रिया करणारं विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. सुरीनं पेशी फुटल्या की दोघांची गाठ पडते आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्यानं तपकिरी रंगद्रव्य तयार होतं. लिंबाचा रस लावला, तर आम्लामुळे विकर मंदावतं आणि क जीवनसत्त्व रंग तयार होण्याआधीच ती क्रिया उलटी फिरवतं. २०१५ साली अमेरिकेत एका जनुक-बदल केलेल्या सफरचंदाच्या लागवडीला परवानगी मिळाली. त्यात हे विकर जवळजवळ तयारच होत नाही.

या ताटात एक शिजवलेलं फळही असतं. क्विन्स हे पिवळं, सुवासिक फळ कच्चं खाववत नाही, इतकं तुरट असतं. साखरेबरोबर आटवलं की त्यातल्या भरपूर पेक्टिनमुळे तांबूस वडी पडते. स्पेनमध्ये ती मांचेगो चीजबरोबर खातात. पोर्तुगालमध्ये क्विन्सला मार्मेलो म्हणतात आणि या वडीला मार्मेलाद. आपला 'मार्मलेड' हा शब्द तिथूनच आला. गोव्यात नाताळला होणारी पेरूची वडी, म्हणजे पेराद, याच जातीची. पेरूतही पेक्टिन भरपूर असतं. इंग्रजीत तिला 'पेरूचं चीज' म्हणतात, पण तिच्यात दुधाचा थेंबही नसतो.

एकत्र मांडताना

चीज आणि आंबट-तुरट फळं एकत्र का रुचतात? तुरटपणा ही खरं तर चवीपेक्षा स्पर्शाची जाणीव आहे. अक्रोडाच्या सालीतली किंवा द्राक्षाच्या सालीतली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा ओशटपणा जातो आणि जीभ कोरडी वाटते. चीजमधला मेद याच्या उलट तोंड ओशट करतो. २०१२ साली अमेरिकेतल्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं, की स्निग्ध पदार्थाच्या घासामागून तुरट पेयाचा घोट घेत गेलं, तर ओशटपणा आटोक्यात राहतो. भज्यांबरोबर चहा का हवासा वाटतो, त्याचंही उत्तर यात असावं.

चीज शीतकपाटातून तासभर आधी बाहेर काढतात. थंडीत दुधातला मेद बराचसा घट्ट असतो आणि सुगंधी रेणू हवेत कमी उडतात. त्यामुळे थंड चीज मेणासारखं आणि बेचव लागतं. पण मऊ चीज बाहेर ठेवायची मर्यादा साधारण दोन तासांची.

मऊ चीजबाबत आणखी एक गोष्ट गांभीर्यानं घ्यायला हवी. लिस्टेरिया हे जिवाणू शीतकपाटातल्या थंडीतही वाढतात. गरोदर स्त्रीला त्यांची लागण झाली, तर गर्भ दगावू शकतो. म्हणून गरोदर स्त्रियांनी आणि अशक्त वृद्धांनी कच्च्या दुधाचं मऊ चीज आणि बुरशीची मखमल असलेलं चीज टाळावं, असं डॉक्टर सांगतात. कडक चीजमध्ये पाणी कमी आणि मीठ जास्त असतं, त्यामुळे तो धोका फारच कमी. तसंच, कडक चीजवर घरी बुरशी आली, तर तिच्याभोवतीचा अडीच सेंटिमीटर भाग कापून उरलेलं खाता येतं. मऊ चीजवर परकी बुरशी आली, तर मात्र ते सगळं फेकून द्यावं, कारण तिचे धागे आणि विषारी द्रव्यं आतपर्यंत पसरलेली असू शकतात. एक बुरशी आपण मुद्दाम वाढवतो आणि दुसरीला भितो, याचं कारण एवढंच, की पहिलीची आपल्याला पारख आहे.

वर्गात करून पाहण्यासारखं

यासाठी परदेशी चीज आणायची गरज नाही.

१. सफरचंदाच्या पाच फोडी घ्या. एक तशीच ठेवा, दुसरीला लिंबाचा रस लावा, तिसरी मिठाच्या पाण्यात बुडवून काढा, चौथी उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून काढा आणि पाचवी पाण्यात बुडवून ठेवा. दर दहा मिनिटांनी रंगाची नोंद करा. कुठे विकर निकामी झालं, आणि कुठे ऑक्सिजन पोचला नाही?

२. पनीर, प्रोसेस्ड चीज आणि पिझ्झासाठी मिळणारं मोझरेला यांचे सारखे तुकडे तव्यावर मंद आचेवर ठेवा. कोणता तुकडा पसरतो, कोणता आकसतो, तूप कशातून सुटतं, ते लिहून ठेवा.

३. एकाच आकाराचे सहा कच्चे चिकू घ्या. दोन उघड्यावर, दोन कागदी पिशवीत आणि दोन कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवा. कोणते आधी पिकतात?

४. दोन वाट्यांत कोमट दूध घ्या. एकीत ताज्या अननसाचे तुकडे घाला, दुसरीत तेवढेच उकळून गार केलेले तुकडे घाला. अर्ध्या तासानं दोन्हींची चव बघा. ताज्या अननसात प्रथिनं तोडणारं विकर असतं. एक वाटी कडू का लागते आणि दुसरी का लागत नाही, याचं कारण मुलांना शोधू द्या. अंजिराच्या चिकातही असंच विकर असतं आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात प्राचीन काळी त्या चिकानं दूध गोठवत असत.

आणि एक घरचा अभ्यास. आश्विन-कार्तिकात आपल्या गावात काय काय पिकतं, त्यातलं काढल्यावर काय पिकतं आणि काय पिकत नाही, दूध जास्त झालं तर घरात त्याचं काय करतात आणि ते किती दिवस टिकतं, याची यादी मुलांनी आजी-आजोबांना विचारून करावी. सीताफळ, पेरू, चक्का, खवा अशी नावं तिच्यात येतीलच. प्रत्येक नावापुढे ते का टिकतं, म्हणजे पाणी कमी केलं, आम्ल वाढवलं, साखर-मीठ घातलं की उष्णता दिली, हे लिहायला सांगा. तुमच्या मुलांच्या याद्यांत काय निघालं, ते आम्हाला जरूर कळवा.